एचआयव्हीची औषधरोध चाचणी: या चुका टाळा

एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू असतानाही व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) वाढलेला आढळला, तर विषाणूमध्ये औषधांना दाद न देणारे बदल झाले आहेत का, हे औषधरोध चाचणीतून पाहतात. त्यासाठी रक्तातील विषाणूच्या जनुकांचा क्रम वाचला जातो. प्रयोगशाळेचे काम चोख असूनही हा अहवाल दिशाभूल करू शकतो, कारण पुष्कळ चुका नमुना घेण्यापूर्वी किंवा अहवाल वाचताना होतात.

सर्वांत महागात पडते ती वेळेची चूक. रुग्णाने गोळ्या बंद केल्या की मूळचा, औषधांना बळी पडणारा विषाणू पुन्हा जोमाने वाढतो आणि औषधरोधी विषाणू मागे पडतो; मात्र तो नाहीसा होत नाही, दीर्घकाळ जगणाऱ्या पेशींमध्ये दडून राहतो. जनुकक्रम वाचण्याच्या प्रचलित सँगर पद्धतीला रक्तातील विषाणूंपैकी साधारणतः २० टक्क्यांहून कमी प्रमाणातील प्रकार दिसत नाही. अशा वेळी आलेला ‘रोध आढळला नाही’ हा अहवाल खरा असतो, पण केवळ त्या दिवशीच्या रक्तापुरता. लॅमिव्हुडिन या एचआयव्हीवरील औषधाला निकामी करणारा एम-१८४-व्ही हा विषाणूच्या जनुकातील बदल तर औषध थांबल्यावर लवकरच दिसेनासा होतो. म्हणून नमुना औषध चालू असतानाच, निदान ते थांबल्यापासून चार आठवड्यांच्या आत घ्यावा. गोळ्या कधी चुकल्या हे रुग्णाने मोकळेपणाने सांगावे असे वाटत असेल, तर त्याला आधी रागावून चालत नाही.

औषध चालू आहे, व्हायरल लोड जास्त आहे आणि तरीही रोध सापडत नाही, असे झाल्यास औषध रक्तापर्यंत पोहोचते का, हे तपासावे. डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरील औषध अँटासिडसोबत, किंवा उपाशीपोटी लोह वा कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत घेतले, तर त्याचे शोषण घटते. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू असताना हे औषध सहसा दिवसातून दोनदा द्यावे लागते. ही चौकशी न करता औषधे बदलण्याची घाई झाली, तर पुढचे पर्याय विनाकारण खर्ची पडतात.

नमुन्यासाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेली नळी वापरावी. हेपारिन या दुसऱ्या गोठणरोधकामुळे पीसीआरमध्ये (जनुकांच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत) अडथळा येतो. प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) शक्यतो सहा तासांत वेगळा करून उणे ७० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड ठेवावा, आणि तो पुन्हा पुन्हा वितळू देऊ नये. व्हायरल लोड दर मिलिलिटरमागे विषाणूच्या १,००० प्रतींपेक्षा कमी असेल, तर चाचणी अनेकदा निष्फळ ठरते.

कोणती जनुके तपासायची, हे मागणीपत्रावर स्पष्ट लिहिले नाही, तर मुख्य प्रश्न अनुत्तरितच राहू शकतो. नेहमीच्या चाचणीत अनेकदा प्रोटिएज आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विषाणूच्या दोन विकरांचे (एन्झाइमचे) एवढेच जनुकभाग वाचले जातात. भारतात सध्याच्या पहिल्या फळीतील उपचारात टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिनच्या जोडीला डोल्युटेग्रॅव्हिर असते, आणि त्याला होणारा रोध इंटिग्रेज या तिसऱ्याच भागात दिसतो. तो भाग वेगळा मागवावा लागतो.

अहवाल वाचताना ‘बदल’ या शब्दाने दचकू नये. तुलनेसाठी सहसा बी उपप्रकारातील विषाणू प्रमाण मानला जातो, तर भारतात सी उपप्रकाराचे प्राबल्य आहे. त्यामुळे यादीतील पुष्कळ फरक नैसर्गिक असतात आणि औषधाशी त्यांचा संबंध नसतो. जे बदल खरोखर महत्त्वाचे असतात, त्यांचाही अर्थ सरळसोट लावता येत नाही. एम-१८४-व्हीमुळे लॅमिव्हुडिन कमजोर पडते, पण टेनोफोविरचा परिणाम मात्र वाढतो. म्हणूनच जाणकार डॉक्टर पुष्कळदा लॅमिव्हुडिन चालूच ठेवतात. जुने अहवाल आणि आजवर घेतलेल्या औषधांची यादी समोर असावी, कारण पूर्वी एकदा दिसलेला रोध नव्या अहवालात नसला तरी तो आहे असेच धरून चालावे लागते.

पश्चिम भारतात, विशेषतः मुंबई आणि गोव्यात, एचआयव्ही-२ या विषाणूच्या दुसऱ्या, कमी आढळणाऱ्या प्रकाराची नोंद झालेली आहे. एचआयव्ही-१ या नेहमीच्या प्रकारासाठीच्या व्हायरल लोड चाचणीत तो सापडत नाही, आणि एफाव्हिरेन्झ, नेव्हिरापिन या औषधांना तो जन्मतःच दाद देत नाही. सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) घटत असूनही व्हायरल लोड ‘आढळला नाही’ असा येत असेल, तर औषधरोधाच्या मागे लागण्याआधी विषाणूचा प्रकार कोणता, हे पुन्हा तपासून घ्यावे.