वचन मुरू द्या: कुंडीतल्या झाडांकडे बघत बायबल कसं वाचायचं

झेडझेड प्लांटचं एक पान मातीत खोचलं तर कित्येक महिने वर काहीच दिसत नाही, नुसतं ते एकटं पान उभं, पण खाली बटाट्यासारखा छोटासा कंद धरत असतो आणि कोंब त्यानंतर येतो. बायबल वाचायला लागलेले बरेच जण म्हणतात की वाचतोय हो, पण राग तसाच आणि काळजी पण तशीच. त्यांनी आधी मार्कच्या शुभवर्तमानातलं 4:26-29 (चौथा अध्याय, 26 ते 29 वचनं) काढावं. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळतच नाही, आधी पात, मग कणीस, मग भरलेला दाणा. न कळणं त्यात धरलेलंच आहे, त्यामुळे रोज माती उकरून बघू नका मूळ फुटलं का ते. अ‍ॅपवरची सलग दिवसांची स्ट्रीक मोजत बसणं हे पण उकरणंच आहे असं माझं मत.

सुरुवात छोटी ठेवा. मार्क बरा, 16च अध्याय आहेत. किंवा स्तोत्र 119 घ्या, 176 वचनं बघून दचकू नका, त्याचे 8-8 वचनांचे 22 भाग आहेत, रोज एक भाग मोठ्याने वाचायचा आणि त्यातलं एक वचन दिवसभर तोंडात ठेवायचं, लोकलमध्ये, भाजी चिरताना, कुठेही.

आता जास्त पाण्याचं. घरातली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात हे कुठलाही नर्सरीवाला सांगेल, माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात, पावसाळ्यात तर जास्तच. आपलं पण तेच होतं, सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वचन, जेवताना यूट्यूबवर संदेश, रात्री अजून एक, आणि त्यातलं एकही काही मुरत नाही. बोट घालून माती बघतो तसं आधी स्वतःला विचारा, कालचं वचन आठवतंय का? नसेल तर आज नवीन नको, तेच परत. आणि कुंडीला खाली भोक लागतंच. याकोबाचं पत्र 1:22 म्हणतं नुसतं ऐकू नका, करा, तेव्हा वाचलेल्यातलं एक काहीतरी त्याच दिवशी करायचं, अबोला धरलेल्या भावाला फोन लावण्याइतकं साधं चालेल (साधं म्हटलं, सोपं नाही).

मनी प्लांट लावलेल्यांना माहीत असेल, नुसतं पान पाण्यात ठेवलं तर ते बरेच दिवस हिरवं राहतं पण त्याचा वेल होत नाही, कटिंगला पेर (पान फुटतं तो सांधा) हवं. वचन तोडून घेताना पण पेरासकट घ्या. फिलिप्पैकरांस 4:13 स्टिकरवर, मगवर सगळीकडे असतं, मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सगळं करू शकतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते हमखास आठवतं. पण त्याआधीची 11 आणि 12 वाचा, हे पत्र लिहिणारा पौल तिथे भूक आणि भरलेलं पोट दोन्हीत समाधानी राहायला शिकलो असं सांगतोय आणि तेही बंदिवासातून. एवढं वाचलं की ते वचन नापास झाल्यावर पण पुरतं.

कुंडी अधूनमधून फिरवा, नाहीतर झाड खिडकीकडेच झुकतं. फक्त स्तोत्रंच वाचत असाल तर मध्ये आमोस घ्या, अन्यायावर कडक बोलणाऱ्या संदेष्ट्याचं पुस्तक, बोचेल, पण घ्या.

खाडा पडला तर बुडालेले सगळे अध्याय एका रविवारी उरकू नका. माती अगदी कोरडी झाली की वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ निघून जातं, म्हणून कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवतात. तसं स्तोत्र 23 घ्या, सहाच वचनं, दोन-तीन दिवस तेवढंच वाचा, सावकाश, आणि मग मार्क जिथे सुटला होता तिथून पुढे.