कॉस्टिंगच्या पेपरात या चुका टाळा: ‘प्रति नग’ खर्च कुठे फसवतो

चकलीच्या एका छोट्या कारखान्याचं गणित घेऊ. अर्ध्या किलोच्या एका पाकिटाला भाजणी, तेल आणि तीळ-मसाला मिळून ५८ रुपये लागतात. चकल्या पाडणाऱ्या महिलांना पाकिटामागे १४ रुपये मजुरी मिळते. पिशवी आणि लेबल ८ रुपयांचं. हे झाले ८० रुपये. जागेचं भाडं, यंत्रांचा घसारा, सुपरवायझरचा पगार आणि लाइट बिल असा कारखान्याचा स्थिर खर्च महिन्याला १,६०,००० रुपये. महिन्याला ८,००० पाकिटं तयार होतात आणि तेवढीच खपतात, म्हणून पाकिटामागे स्थिर खर्च २० रुपये पडतो. एकूण खर्च १००, विक्रीची किंमत १२०. कारखान्याची क्षमता मात्र १०,००० पाकिटांची आहे.

अशात एका कॅन्टीनकडून १,५०० पाकिटांची ऑर्डर येते, ९५ रुपये दराने. घ्यावी का?

बहुतेक विद्यार्थी लिहितात: खर्च १००, भाव ९५, म्हणून पाकिटामागे ५ रुपये तोटा, एकूण ७,५०० रुपये तोटा, ऑर्डर नाकारावी. उत्तर नीटनेटकं दिसतं, पण चूक आहे. ऑर्डर घेतली म्हणून भाडं वाढणार नाही, सुपरवायझरचा पगारही वाढणार नाही. वाढतील ते पाकिटामागचे ८० रुपये. ९५ मधून ८० गेले की १५ उरतात, आणि १,५०० पाकिटांवर २२,५०० रुपये जास्त हातात येतात. ऑर्डर घ्यावी.

कॉस्टिंगमधल्या निम्म्या चुकांचं मूळ इथे आहे. ‘पाकिटामागे २० रुपये स्थिर खर्च’ असं प्रत्यक्षात काही नसतं. १,६०,००० ला ८,००० ने भागल्यावर तयार झालेला तो आकडा आहे, आणि ८,००० पाकिटं आहेत तोवरच खरा आहे. जॉन मॉरिस क्लार्क या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२३ मध्येच हे मांडलं होतं: वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे खर्च लागतात. मालाच्या साठ्याचं मूल्य काढताना १०० चा आकडा उपयोगी पडतो. ऑर्डर घ्यायची की नाही हे ठरवताना तोच आकडा दिशाभूल करतो.

आता ऑर्डर २,५०० पाकिटांची आहे आणि ती पूर्ण घ्यावी लागेल, असं धरा. शिल्लक क्षमता २,००० चीच आहे, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांची ५०० पाकिटं मागे ठेवावी लागतील. त्या प्रत्येक पाकिटावर ४० रुपये काँट्रिब्युशन (विक्रीची किंमत १२० वजा पाकिटामागे वाढणारा खर्च ८०), पुस्तकी भाषेत अंशदान, बुडेल. २,५०० गुणिले १५ म्हणजे ३७,५००. त्यातून २०,००० वजा केले की १७,५०० उरतात. ऑर्डर अजूनही घेण्यासारखी आहे. पण हे २०,००० वजा न करता लिहिलेल्या उत्तराचे मार्क हमखास जातात, कारण प्रश्नात क्षमतेचा आकडा दिलेला असतो तो याचसाठी. शेवटी एक वाक्य जरूर लिहा: स्वस्त भावाची बातमी नेहमीच्या दुकानदारांपर्यंत गेली तर तेही ९५ चा भाव मागतील. ही भीती आकड्यांत दिसत नाही, पण निर्णय घेणाऱ्याला ती विचारात घ्यावीच लागते.

नफ्याला पटीने वाढवू नका

याच चुकीचं दुसरं रूप. ८,००० पाकिटांवर नफा १,६०,०००, म्हणजे पाकिटामागे २०. मग ९,५०० पाकिटं १२० ला खपली तर नफा १,९०,०००? नाही. ९,५०० गुणिले ४० मधून १,६०,००० वजा करा, उत्तर २,२०,००० येतं. पटीने वाढतं ते काँट्रिब्युशन. नफा त्या पटीत वाढत नाही.

ब्रेक-इव्हनसाठी, म्हणजे ना नफा ना तोटा होईल तेवढ्या विक्रीसाठी, १,६०,००० ला ४० ने भागायचं: ४,००० पाकिटं. काही जण २० ने, म्हणजे प्रति नग नफ्याने, भागतात आणि ८,००० असं उत्तर काढतात. शंका आली तर पडताळा सोपा आहे. ८,००० पाकिटांवर कारखाना १,६०,००० कमावतो हे आधीच माहीत असताना तिथे ‘ना नफा ना तोटा’ कसा असेल? ब्रेक-इव्हन काढल्यावर तो आकडा परत विक्रीत घालून नफा शून्य येतो का, हे अर्ध्या मिनिटात पाहता येतं. उत्तर रुपयांत मागितलं असेल तर ४,८०,००० लिहा, नगांवर थांबू नका.

विक्री नाही, तरी नफा वाढला?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि अनेक जण तो पाठ करून पुढे जातात. समजा एका महिन्यात कारखान्याने १०,००० पाकिटं तयार केली, विकली मात्र ८,०००. आरंभीचा साठा नाही.

मार्जिनल कॉस्टिंगने, म्हणजे महिन्याचा सगळा स्थिर खर्च त्याच महिन्यात वजा केला तर, नफा तोच राहतो, १,६०,०००. अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंगने स्थिर खर्च तयार झालेल्या सगळ्या पाकिटांवर वाटला जातो, म्हणून तो आता पाकिटामागे १६ पडतो. १२० मधून ९६ गेले, उरले २४, आणि ८,००० पाकिटांवर नफा १,९२,०००. एकही चकली जास्त विकली गेली नाही, तरी नफा ३२,००० ने वाढलेला दिसतो. हे ३२,००० गोदामातल्या २,००० पाकिटांत आहेत, प्रत्येकी १६ रुपयांप्रमाणे. महिन्याचं भाडं आणि पगार खर्च झाले, पण त्यांतला एक भाग साठ्याच्या मूल्यात बसून पुढच्या महिन्यात गेला.

म्हणून दोन पद्धतींचे नफे जुळवताना गोंधळ झाला तर आधी साठ्याकडे बघा. साठ्यातले वाढलेले नग गुणिले प्रति नग स्थिर खर्च, इतकाच फरक यायला हवा. साठा वाढला तर अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा जास्त, घटला तर कमी. फरक जुळत नसेल तर बहुधा आरंभीच्या साठ्याला चालू महिन्याचा दर लावलेला असतो, किंवा विक्रीचे स्थिर खर्च साठ्यात घातलेले असतात. कंपन्यांच्या वार्षिक हिशेबात साठ्याच्या मूल्यात कारखान्याचा स्थिर खर्च धरावा लागतो, पण लेखा मानक २ प्रमाणे तो सामान्य क्षमतेवर वाटायचा असतो. काम मंदावलेल्या महिन्यात रिकाम्या क्षमतेचा भार साठ्यावर टाकता येत नाही.

कॉस्ट शीट

कॉस्ट शीट म्हणजे मालाच्या खर्चाचा टप्प्याटप्प्याने मांडलेला तक्ता. इथल्या चुका छोट्या असतात, पण पूर्ण पान घेऊन बुडतात. कर्जावरचं व्याज, प्राप्तिकर, लाभांश, देणग्या आणि जुनं यंत्र विकताना झालेला तोटा कॉस्ट शीटमध्ये येत नाही. हे आकडे प्रश्नात मुद्दाम मिसळलेले असतात. कच्च्या मालावरच्या जीएसटीचा क्रेडिट मिळत असेल तर तो खर्चात धरायचा नाही. माल आणण्याचं भाडं मात्र धरायचं. तयार मालाच्या शेवटच्या साठ्याचं मूल्य उत्पादन खर्चावर काढायचं. त्यात जाहिरात आणि डिलिव्हरी मिसळू नका, न विकलेल्या पाकिटाची डिलिव्हरी झालेलीच नसते.

आणि नफ्याची टक्केवारी. आपल्या चकलीचा नफा खर्चावर २० टक्के आहे, पण विक्रीवर १६.६७ टक्के. ‘विक्रीवर २० टक्के नफा’ असं प्रश्नात असेल तर तो खर्चाच्या २५ टक्के होतो, म्हणजे १०० च्या पाकिटाची किंमत १२५. प्रश्न वाचताना ‘विक्रीवर’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढून ठेवा.

ओव्हरहेडचा दर आधी ठरतो

अंदाजपत्रकात ओव्हरहेड (भाड्यासारखा, थेट एका कामावर टाकता न येणारा खर्च) २,४०,००० आणि यंत्र-तास ६,०००, म्हणून दर तासाला ४० रुपये. प्रत्यक्षात ५,५०० तास काम झालं आणि खर्च २,३१,००० आला. विद्यार्थी २,३१,००० ला ५,५०० ने भागतात, ४२ रुपये दर काढतात आणि फरक शून्य दाखवतात. पण वर्ष संपेपर्यंत थांबून दर काढायचा असता तर मधल्या काळात कोटेशन कोणत्या आधाराने दिलं असतं? दर आधीच ठरलेला ४०. कामांवर टाकलेला खर्च २,२०,०००, आणि कामांवर टाकायचा राहून गेलेला खर्च, म्हणजे ११,००० चा अंडर-अ‍ॅब्सॉर्प्शन.

विभागांवर खर्च वाटण्याचे आधार घोकू नका. भाडं जागेच्या क्षेत्रफळावर, कॅन्टीनचा खर्च कामगारांच्या संख्येवर, विम्याचा हप्ता यंत्रांच्या किमतीवर. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: हा खर्च कशामुळे वाढतो?

व्हेरियन्स: तुलना कशाशी?

आपल्या पाकिटाला ४०० ग्रॅम भाजणी लागावी, ६० रुपये किलोची, असं प्रमाण ठरलंय; त्यापासून प्रत्यक्षात पडलेला फरक म्हणजे व्हेरियन्स. बजेट ८,००० पाकिटांचं होतं, बनली ८,५००. भाजणी ३,५०० किलो लागली, ५८ रुपये दराने.

चूक अशी होते: ८,००० पाकिटांना ३,२०० किलो हवी होती, लागली ३,५००, म्हणून ३०० किलो जादा, १८,००० रुपये प्रतिकूल. पण जास्त पाकिटं केली तर भाजणी जास्त लागणारच. तुलना प्रत्यक्ष उत्पादनाच्या प्रमाणाशी हवी: ८,५०० पाकिटांना ३,४०० किलो. जादा फक्त १०० किलो, म्हणजे वापराचा व्हेरियन्स ६,००० प्रतिकूल. दराचा व्हेरियन्स ३,५०० गुणिले २, म्हणजे ७,००० अनुकूल. बेरीज १,००० अनुकूल. ताळा करा: प्रमाण खर्च २,०४,०००, प्रत्यक्ष २,०३,०००. जुळतं.

यानंतर लिहायची टिप्पणी बहुतेक पेपरांत एका ओळीत संपते: खरेदी विभाग चांगला, उत्पादन विभाग वाईट. मला हे अन्यायाचं वाटतं. दोन रुपये स्वस्त भाजणी जाडसर दळलेली असेल, तिच्या चकल्या कढईत विरघळल्या असतील, आणि १०० किलोची नासाडी त्यातूनच आली असेल. मग खरेदीचं कौतुक आणि तळणाऱ्यांवर ठपका, दोन्ही चुकीचे ठरतात. व्हेरियन्स चौकशी कुठे सुरू करायची ते दाखवतो. दोष कोणाचा, ते चौकशीनंतरच कळतं.

प्रोसेस कॉस्टिंग आणि ईओक्यू

प्रोसेस कॉस्टिंगमध्ये एका प्रक्रियेतून निघालेल्या मालाचा दर काढतात. १,००० किलो माल टाकला, एकूण खर्च ५०,०००. सामान्य घट १० टक्के, भंगाराचा दर किलोला ५ रुपये. चांगला माल निघाला ८६०. दर काढताना काही जण १,००० ने भागतात, काही ८६० ने. सामान्य घट होणारच हे ठरलेलं असतं, म्हणून तिचा भार चांगल्या मालाने उचलायचा: ५०,००० मधून भंगाराचे ५०० वजा, भागिले ९००, दर ५५. असामान्य घट ४० किलो, ५५ दराने २,२००. त्यातून भंगाराचे २०० मिळतात, आणि २,००० नफा-तोटा खात्याला जातात.

ईओक्यूचं, म्हणजे एका वेळी किती माल मागवणं सगळ्यात स्वस्त पडतं त्याचं, सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं. सूत्र सोपं आहे, चूक काळाची होते. साठवणुकीचा खर्च किलोला वर्षाला ४ रुपये असेल तर मागणीही वर्षाची हवी. महिन्याची ३,२०० किलो म्हणजे वर्षाची ३८,४००, ऑर्डरचा खर्च ३००, उत्तर २,४०० किलो. मागणी महिन्याचीच घातली तर ६९३ येतं, आणि कारखाना विनाकारण दर आठवड्याला ऑर्डर देत बसतो.

लाइट बिल, जे मी वर सोपं केलं होतं

सुरुवातीला लाइट बिल पूर्ण स्थिर धरलं, ते गणितापुरतं. घरातलं महावितरणचं बिल उघडून बघा: त्यात स्थिर आकार वेगळा आणि वापरलेल्या युनिटचा वीज आकार वेगळा. अर्ध-चल खर्च, म्हणजे थोडा स्थिर आणि थोडा उत्पादनाबरोबर वाढणारा खर्च, समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

त्यातला स्थिर आणि चल भाग वेगळा करायच्या हाय-लो पद्धतीत ठरलेली चूक होते: सगळ्यात मोठं बिल आणि सगळ्यात छोटं बिल निवडणं. निवडायचं असतं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी उत्पादन. एप्रिलमध्ये ६,००० पाकिटं आणि बिल २३,०००, ऑक्टोबरमध्ये १०,००० आणि बिल ३१,०००. मे महिन्यात ७,००० पाकिटांनाच ३४,००० बिल आलं, कारण उकाड्यामुळे पंखे-कूलर दिवसभर चालले. मे घ्यायचा नाही. ८,००० रुपये भागिले ४,००० पाकिटं, म्हणजे पाकिटामागे २ रुपये, आणि स्थिर भाग ११,०००.

म्हणजे कॅन्टीनच्या त्या ऑर्डरला पाकिटामागे ८० नव्हे, ८२ रुपये लागतील, आणि फायदा २२,५०० ऐवजी १९,५०० होईल. ऑर्डर तरीही घ्यावी. २,५०० पाकिटांच्या ऑर्डरचं उत्तरही आता बदलेल. बुडणारं काँट्रिब्युशन ४० ऐवजी ३८ धरून ते स्वतः करून बघा: १३,५०० यायला हवेत.