भाचरं घेऊन वाळवंटात निघालात? या चुका टाळा

दिवाळी आटोपली की मला फोन सुरू होतात. "जैसलमेरकडे पायी फिरायचंय, सॅक पाठीवर, तंबूत मुक्काम. घरातली पोरंही येताहेत." एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "सॅक कोणती घेऊ?" पाणी किती न्यायचं, हे पहिल्या फोनवर आजवर एकानेही विचारलेलं नाही. दरवर्षी त्याच चुका, तीच उत्तरं. म्हणून यंदा एकदाच लिहून ठेवतो. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः करून बसलोय, तेव्हा हे कुणी मनाला लावून घेऊ नये.

"आम्ही जळगावचे, आम्हाला काय ऊन शिकवता?"

ही खास खान्देशी चूक. ४५ अंश आपल्याला नवीन नाही, कबूल. पण मे महिन्यात दुपारी बारा ते चार जळगावात रस्त्यावर असतं कोण? दुकानांची शटरं अर्धी खाली, घरात कूलर घरघरतोय, बाहेर पडायचंच झालं तर आधी ग्लासभर पन्हं आणि डोक्याला बागायतदार रुमाल. वर आजी खिशात कांदा कोंबणार. म्हणजे आपण उन्हापासून लपण्यात हुशार. आणि हल्लीच्या पोरांनी तर ऊन कूलरच्या जाळीतूनच पाहिलेलं.

राजस्थानच्या थर वाळवंटातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्या दिवसांत तिकडे कुणी पोरं नेणार नाही, नेऊही नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. पण खरी गोम हिवाळ्यातच आहे. डिसेंबरात दिवसा चोवीस-पंचवीस अंश, वारा गार, आणि हवा इतकी कोरडी की आलेला घाम जागच्या जागी उडून जातो. शर्ट ओला होत नाही, म्हणून पोरांना वाटतं पाणी खर्चच होत नाहीये.

पाण्याचा हिशेब ज्याचा त्याच्यावर सोडणं

आमची पहिली फेरी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, जैसलमेरजवळच्या खुडी गावाच्या बाजूची वाळू. मी, दोन भाचे, एक भाची आणि चुलतभावाचा मुलगा, असे पाच जण. उंट घेऊ या, असं तिथला एक जण सांगत होता. मी म्हटलं, उंट हे टुरिस्टांचं काम, आपण सातपुडा पालथा घातलेली माणसं. ही माझी चूक, आणि बाकीचं रामायण तिथूनच सुरू झालं.

ठरलं असं की प्रत्येकाने पाच लिटर पाणी स्वतः वाहायचं. म्हणजे पाठीवर पाच किलो नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवाला एका ढाणीवर पुढचं पाणी आणून देणार. ढाणी म्हणजे तिकडची चार-दोन घरांची वस्ती. सकाळी निघताना मी विचारलं, "सगळ्यांचं पाणी भरलं?" चौघे एका सुरात म्हणाले, "हो मामा." काकाला मामा म्हणणारा पुतण्यासुद्धा त्यात होता. मी कुणाची सॅक उघडून पाहिली नाही.

दुपारी दीडच्या सुमाराला एका खेजडीखाली बसलो. खेजडी म्हणजे आपली शमी. दशम्या सोडल्या, शेंगदाण्याची चटणी काढली. मोठा भाचा म्हणाला, भूक नाही. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, रोज जिमला जाणारा गडी, सकाळपासून सगळ्यांची टिंगल करत होता. तो तासाभरापासून गप्प होता आणि बहिणीने पाणी मागितलं तर तिच्यावर खेकसला. गप्प झालेलं पोर आणि विनाकारण चिडलेलं पोर, हे दोन प्रकार दिसले की मी आता आधी बाटली बघतो. तेव्हा कळत नव्हतं. तरी म्हटलं, दाखव पाणी.

सॅकेत एकच बाटली निघाली, तीही रिकामी. बाकीच्या चार हॉटेलच्या खाटेखाली. त्यांच्या जागी ब्लूटूथ स्पीकर आणि कॅमेऱ्याचा ट्रायपॉड. वर मलाच समजावतो, "मामा, थंडीत इतकं पाणी कोण पितं?"

हिशेब केला. आमच्या चौघांजवळ मिळून चौदा लिटर उरलेलं, पिणारी तोंडं पाच, आणि उद्या सकाळपर्यंत दुसरी सोय नाही. मेलो नसतो, पण संध्याकाळची खिचडी रद्द. भांडी वाळूने घासायची. भाच्याचं डोकं ठणकत होतं, मग उलटी झाली. एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट कालवलं आणि टोपणाटोपणाने पाजत बसलो. घटाघटा दिलं असतं तर तेही बाहेर आलं असतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, पोरं तिला "बाटल्यांची हजेरी" म्हणून हसतात. सगळ्या बाटल्या एक लिटरच्या, प्रत्येकीवर मार्करने नाव आणि नंबर. निघताना सगळ्या बाटल्या बाहेर काढून रांगेत मांडायच्या, मी मोजणार, मगच सॅक बंद. दर मुक्कामाला पुन्हा मांडायच्या. ज्याची बाटली भरलेली राहिली त्याला बोलणी बसतात. ज्याची रिकामी झाली त्याला शाबासकी. माणशी दिवसाला पाच लिटर धरतो, त्यात स्वयंपाक आला. मोठा साठा वीस-वीस लिटरच्या कॅनमध्ये उंटाच्या पाठीवर, आणि तरीही प्रत्येकाच्या सॅकेत स्वतःचे तीन लिटर असतातच. उंट पुढे निघून गेला तर?

नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही, अंगातलं मीठ उतरतं. ओआरएस नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, डावाएवढा नव्हे. आणि येताजाता चघळायला आपले केळीचे खारे वेफर्स. त्यासाठी परदेशी पावडरी मागवणाऱ्यांना माझा नमस्कार.

"समोर तर दिसतंय!"

त्याच दिवसाची पुढची गोष्ट. साडेचारच्या सुमाराला एका उंच टेकाडावरून ढाणी दिसली. गोल झोपड्या, एक झाड, धूर. पाणी कमी आहे म्हटल्यावर सगळ्यांना तिथे आजच पोचायचं होतं. उंटांची पायवाट टेकाडांना वळसा घालून सपाटीवरून जाते. पोरं म्हणाली, "सरळ गेलो तर दोन किलोमीटर!" मी आजारी भाच्याला घेऊन मागे होतो, थकलो होतो, "जा" म्हणून मोकळा झालो.

वाळवंटातली हवा स्वच्छ असते, त्यामुळे लांबचं जवळ वाटतं. आणि वाळूचं टेकाड दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. वाऱ्याकडची बाजू दबलेली, चढायला बरी. पलीकडची उभी आणि भुसभुशीत, घोट्यापर्यंत पाय जातो. असं एक उतरलं की पुढचं उभंच. दोन टेकाडांमधल्या खोलगटात उतरलं की ढाणीही दिसत नाही आणि मागची माणसंही. सहाच्या आसपास सूर्य गेला. अर्ध्या तासात अंधार. दोन पोरं पुढे, भाची मध्येच कुठेतरी एकटी.

ती शहाणी निघाली. हरवलोय असं वाटताच जागेवर बसली आणि स्टीलच्या ताटलीवर चमचा बडवायला लागली. शिट्टी एकाकडेही नव्हती. त्या टणटण आवाजावर आम्ही तिला गाठलं. सगळे ढाणीवर पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. दोन किलोमीटरला तीन तास.

ढाणीवरच्या म्हातारीने आधी ताक दिलं, मग लोट्यातून पाणी, आणि मग मारवाडीत मला जे काय सुनावलं त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. तिच्या अंगणात टांकं होतं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जमिनीतलं टाकं. वर्षभराची पुंजी ती. आमच्यासारख्या पाच उपऱ्यांना त्यातून लोटे भरून देणं म्हणजे काय, हे पोरांना तिथे समजलं. टांक्याभोवती पाणी गोळा होण्यासाठी राखलेली जमीन असते, आगोर म्हणतात. तिच्यावरून चपला घालून फिरायचं नाही, आणि बाजूला हात-तोंडही धुवायचं नाही.

आता माझ्याबरोबर शॉर्टकट बंद. वाट वळशाची असेल तर वळशाने. सगळ्यांत धाकटा सगळ्यांच्या पुढे चालणार, त्याच्या चालीने बाकीचे, मी शेवटी. गळ्यात शिट्टी. चुकलास तर जागेवर बस आणि वाजव. तोंडाने हाका मारून घसा कोरडा करायचा नाही. वाळूत चाल निम्म्यावर येते, म्हणून सातपुड्यात पंधरा किलोमीटर चालणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी आठ देतो. "एवढंच?" असं म्हणणारा दरवेळी एक निघतो. दुपारनंतर तो काही म्हणत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

बूट: नवे कोरे घालून जाऊ नका. तासाला एकदा काढून वाळू झटका. सकाळी घालण्याआधी उलटे करून आपटा. विंचू आणि फुरसं दोन्ही तिकडे आहेत.

मोजे: भुरट नावाचं गवत असतं, त्याचे काटेरी दाणे मोज्यांत असे रुततात की हाताने काढताना बोटं रक्ताळतात. दहा रुपयांचा जुना कंगवा न्या, मोज्यावरून फिरवा. मला हे एका उंटवाल्याने शिकवलं, त्यासाठी महागडं गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण, वगैरे घेणारे घेवोत.

थंडी: रात्री पारा सात-आठवर येतो आणि पोरं एका टीशर्टवर आलेली असतात. दोन टेकाडांमधल्या खोलगटात गार हवा साचते, तंबू थोडा वर लावा. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो, म्हणजे पहाट लांबलचक. थर्मल, कानटोपी, लोकरीचे मोजे. यात वाद नको.

शेकोटी: खेजडीची फांदी तोडायची नाही. याच झाडासाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत ३६३ बिष्णोई माणसांनी जीव दिला. आमच्या धाकट्याने एक वाळकी काडी मोडली तर उंटवाल्याचा चेहरा उतरला होता.

परवानगी: सरहद्दीकडच्या पट्ट्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, राष्ट्रीय मरू उद्यानात वनखात्याचे नियम आहेत. आधी विचारा. ड्रोन घरी ठेवा. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे, तेव्हा परदेशातल्या व्हिडिओत पाहून मागवू नका. मोबाइलचा नकाशा आधी उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, बॅटरी असेतोवर.

कचरा: त्या कोरड्यात काही लवकर कुजत नाही. कागदसुद्धा परत आणा.

तंबूबद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहितो, कारण पहाटे तीनला उडालेल्या तंबूमागे मी अनवाणी धावलोय. तंबूसोबत मिळणारे खिळे वाळूत धरत नाहीत. एक वाऱ्याची झुळूक, की सगळे उपटून येतात. मी घरून युरियाच्या रिकाम्या गोण्या कापून वीतभर थैल्या शिवून नेतो. थैलीत वाळू भरायची, तोंड दोरीने बांधायचं, तीच दोरी तंबूला, आणि थैली हातभर खोल पुरायची. सहा थैल्यांचं वजन रिकाम्यात काहीच नाही. बायको म्हणते, घरात सुतळी आणि गोणी शिल्लक राहत नाही.

घरी सराव न करता थेट तिकडे उतरणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण ती निव्वळ आळसाची आहे. तिकीट काढायला पोरं रात्री जागतात, सुरत-अहमदाबाद-जोधपूर सगळ्या गाड्यांची वेळापत्रकं पाठ, पण भरलेली सॅक पाठीवर घेऊन किलोमीटरभर चाललेलं एक नसतं. आपल्याकडे जळगावला गिरणामाईचं, गिरणा नदीचं, पात्र आहे की! ठेकेदारांनी ठेवली असेल तेवढी वाळू सरावाला पुष्कळ. मी बांभोरी पुलाखाली बोलावतो, महिनाभर आधी, चार रविवार, सकाळी सहाला. पहिल्या रविवारी सहा किलोंची सॅक, चौथ्याला पूर्ण. तिथेच तंबू लावायचा, तिथेच स्टोव्ह पेटवायचा. ज्याचे बूट चावतात ते तिथे कळतं. ज्याला नुसते फोटो हवे होते तो तिसऱ्या रविवारी येत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पुलावरून जाणारे ट्रॅक्टरवाले विचारतात, "काय करी ऱ्हायना रे भो?" सांगा त्यांना.

यंदा धाकट्या बहिणीची मुलगी येणार आहे, अकरावीतली. गेल्या रविवारी पुलाखाली आली, चालली, न कुरकुरता. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन.

"मामा, सॅक अकरा किलो झाली. काय काढू?"

"पाणी सोडून काहीही."

"मग हेअर ड्रायर काढते," म्हणाली.