यकृताच्या तपासण्यांचा अहवाल कसा वाचावा : फॅमिली डॉक्टरांसाठी

‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ (एलएफटी) या नावामुळे बराच गोंधळ होतो. एसजीपीटी (एएलटी) आणि एसजीओटी (एएसटी) ही एन्झाइम यकृतपेशींना इजा झाल्याचे सांगतात, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी पित्तप्रवाहातील अडथळ्याकडे बोट दाखवतात. यकृत प्रत्यक्ष काम किती करते आहे, याचा अंदाज मात्र बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) यांवरून बांधावा लागतो. त्यामुळे एन्झाइम जितके वाढलेले तितका आजार गंभीर, हा हिशेब येथे चालत नाही.

सर्वप्रथम तातडी ओळखावी. रुग्णाला कावीळ आहे, तो असंबद्ध बोलतो आहे किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू नसताना आयएनआर (प्रोथ्रॉम्बिन टाइमचे प्रमाणित रूप) १.५ च्या वर गेला आहे, तर त्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. एसजीपीटी हजारांच्या घरात असेल तर पॅरासिटामॉलचा अतिरिक्त डोस, तीव्र विषाणूजन्य हिपॅटायटिस किंवा रक्तदाब कोसळल्याने यकृताचा तुटलेला रक्तपुरवठा, ही कारणे आधी आठवावीत. अशा रुग्णात एसजीपीटी उतरत असताना आयएनआर चढत असेल, तर ती सुधारणा समजू नये. नष्ट व्हायला पेशीच उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो.

तातडी नसेल तर वाढीचा साचा पाहावा. एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज आपापल्या सामान्य कमाल मर्यादेच्या किती पट आहेत हे काढून पहिल्या पटीला दुसरीने भागावे : उत्तर ५ च्या वर आले तर इजा मुख्यतः पेशींची, २ च्या खाली आले तर पित्तमार्गाची आणि मधले असेल तर मिश्र. केवळ अल्कलाइन फॉस्फटेज वाढले असेल तर जीजीटी करावे, कारण वाढत्या वयाची मुले, गर्भवती आणि हाडांचे विकार असलेले रुग्ण यांच्यात त्याचा उगम यकृताबाहेर असतो. केवळ अप्रत्यक्ष (यकृतात प्रक्रिया न झालेले) बिलिरुबिन वाढलेले, ते उपाशीपोटी अधिक चढणारे आणि हिमोग्लोबिन व रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) सामान्य असतील, तर तो बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम असतो. त्याला उपचार लागत नाहीत.

दवाखान्यात सर्वाधिक भेटते ती एसजीपीटीची किरकोळ वाढ, आणि नेमकी तिचीच हेळसांड होते. ‘महिन्याने पुन्हा करू’ असे सांगून रुग्णाला परत पाठवण्यापेक्षा मद्याचे प्रमाण, सर्व औषधे, वनौषधी, वजन आणि मधुमेह यांची चौकशी त्याच भेटीत करावी. आदल्या दिवशी जड व्यायाम झाला असेल तर सीपीके (स्नायूंच्या इजेत वाढणारे एन्झाइम) तपासावे, कारण ही एन्झाइम स्नायूंतही असतात. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असेल तर मद्यजन्य आजाराचा संशय बळावतो. हिपॅटायटिस बी व सी, फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (शरीरातील लोहासाठी), ऑटोअँटिबॉडी (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे) आणि सोनोग्राफी एकत्रच करून घ्यावी. तरुण रुग्णात सेरुलोप्लास्मिनही (तांबे वाहून नेणारे प्रथिन) पाहावे.

सोनोग्राफीत फक्त ‘फॅटी लिव्हर’ आले म्हणून प्रश्न संपत नाही, कारण यकृतातील तंतुमयता त्यात सहसा दिसत नाही. तिच्यासाठी फिब-४ हा तंतुमयतेचा निर्देशांक काढावा : वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट व एसजीपीटीचे वर्गमूळ यांचा गुणाकार. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २,६०,००० असतील, म्हणजे सूत्रात २६०, तर उत्तर १.२ येते, ते १.३ च्या खाली असल्याने धोका कमी. त्याच रुग्णाच्या प्लेटलेट १,६०,००० असत्या, तर एन्झाइम तीच असूनही उत्तर १.९५ झाले असते आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी) करणे योग्य ठरले असते. २.६७ च्या वर थेट यकृततज्ज्ञांकडे पाठवावे. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरावी. पस्तिशीच्या आत या आकड्यावर विसंबू नये.

पाठवताना चिठ्ठीत ‘एलएफटी वाढलेली’ एवढेच न लिहिता जुने अहवाल तारखांसह, प्लेटलेटचा आकडा, मद्याचे आठवड्याचे प्रमाण आणि प्रत्येक औषध कधी सुरू झाले हे नमूद करावे.