कागद, पेन आणि उजवा डोळा : मेंदूबद्दलचे गैरसमज स्वतःच तपासा

"माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो," असं वर्गात कुणी ना कुणी म्हणतंच. मी जीवशास्त्र शिकवते. पूर्वी वाद घालायचे, आता कोरा कागद पुढे सरकवते. दहा टक्क्यांचा निकाल मात्र कागदाविनाच लागतो. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के; पण विश्रांती घेत असतानाही शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातली सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. नव्वद टक्के निकामी भागासाठी एवढा खर्च कोण करेल? आणि पक्षाघातात लहानसा तुकडा गेला तरी बोलणं जातं किंवा हात लुळा पडतो.

मला जास्त छळतो तो दुसरा समज : डोळे चित्रीकरण करतात, मेंदू ते जपून ठेवतो आणि आठवणं म्हणजे तीच फीत पुन्हा लावणं. कागद यासाठी.

कागद आडवा धरा. डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर पेनाने भरलेला ठिपका. डावा डोळा झाका आणि उजव्याने फुलीकडेच बघा. ठिपक्याकडे बघायचा मोह होईल, तो आवरा. सगळी गंमत तिथेच फसते. आता कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होईल. आणखी जवळ आणलात की परत येईल. दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतल्या पडद्यावर) जिथून दृष्टिचेता, म्हणजे मेंदूकडे जाणारी नस, डोळ्याबाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. सतराव्या शतकात फ्रान्सच्या एद्म मारिओतने हा अंधबिंदू दाखवून दिला. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून एरवी कळत नाही.

खरी मजा पुढे आहे. ठिपक्यातून जाणारी एक आडवी रेघ मारा आणि पुन्हा तेच करा. ठिपका जातो, पण त्या जागी भोक दिसत नाही. रेघ सलग दिसते! तिथली माहिती डोळ्याकडून आलेलीच नाही. आजूबाजूला काय आहे ते पाहून मेंदूने अंदाज बांधला आणि तुम्हाला तो 'दिसला'. (ठिपका जातच नसेल तर बहुतेक वेळा चुकीचा डोळा झाकलेला असतो.)

आठवणीचं तसंच आहे. चार-पाच जणांना बसवा, हेतू सांगू नका. सेकंदाला एक या गतीने वाचा : पलंग, उशी, जांभई, स्वप्न, पांघरूण, घोरणं, रात्र, डुलकी, थकवा, अंगाई, गादी, पेंग. मग मिनिटभर इकडच्या तिकडच्या गप्पा मारा आणि आठवतील ते शब्द लिहायला सांगा. बऱ्याचदा कुणीतरी 'झोप' लिहितं. यादीत तो नाही. लिहिला नसेल त्याला तोंडी विचारा, तोही अनेकदा खात्रीने हो म्हणतो. माझ्या वर्गात एकाने तर मी तो शब्द कसा उच्चारला, तेही ऐकवलं होतं. हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ डीझ यांनी १९५९ मध्ये केला, रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये नव्याने. त्याआधी १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी लोकांना मोटार-अपघाताची चित्रफीत दाखवली होती. गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता, असं विचारण्याऐवजी 'आदळून चेंदामेंदा झाला' अशा अर्थाचं क्रियापद वापरलं, तर लोक वेग वाढवून सांगत. आठवड्याने 'धडकल्या' ऐकलेल्यांपेक्षा 'चेंदामेंदा' ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना फुटलेल्या काचा आठवल्या; फितीत काचा नव्हत्याच. घरात एकाच प्रसंगाच्या दोन आवृत्त्या निघाल्या तर एकजण खोटं बोलत असेलच असं नाही.

ज्याचा डावा मेंदू वरचढ तो हिशेबी आणि ज्याचा उजवा तो कलावंत, या वाटणीवर मी फार वेळ घालवत नाही. अपस्मारावर उपाय म्हणून दोन अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा कापलेल्या रुग्णांचा रॉजर स्पेरी यांनी अभ्यास केला, १९८१ चं नोबेलही मिळालं. बहुतेकांत भाषेचं काम मुख्यत्वे डावीकडे चालतं, हे खरं. पण तुमचा पट्टा शाबूत आहे आणि दोन्ही बाजू सतत एकमेकींशी बोलत असतात.

राहिला प्रश्न एकाच वेळी दोन कामं जमतात म्हणणाऱ्यांचा. एक ते आठ अंक मोठ्याने म्हणा, मग क, ख, ग, घ, च, छ, ज, झ. (ङ वगळलाय, तिथे तसेही सगळे अडखळतात.) दोन्हींना मिळून किती सेकंद लागली ते टिपा. आता आलटून पालटून म्हणा : एक-क, दोन-ख, तीन-ग. उच्चार तेवढेच, पण वेळ बराच जास्त जातो आणि पाच-सहाच्या आसपास जीभ अडते. मेंदू दोन्ही रांगा एकदम चालवत नाही. एक सोडून दुसरी पकडतो, आणि दर वेळी आपण कुठे होतो ते शोधतो. घड्याळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, नाहीतर वेळ बघणं हे तिसरं काम होऊन बसेल.