रेट्रो कॅमेरा घ्यायचाय? फुजीफिल्म की निकॉन, हे असं ठरवा

बाबांचा निकॉन एफएम२ गिरगावच्या आमच्या घरी अजून कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. चाळीतल्या कितीतरी मुंजी, बारशी आणि लग्नं त्याने टिपली. १९८२ साली बाजारात आलेला हा कॅमेरा पूर्ण यांत्रिक. सेल संपला तर फक्त प्रकाश मोजता येत नाही, शटर मात्र चालत राहतं. आज निकॉनचे झेड एफसी (२०२१) आणि झेड एफ (२०२३) त्याच्याच रूपात येतात. फुजीफिल्मने ही वाट त्याआधीच धरली होती. त्यांचा एक्स१०० आला २०११ मध्ये. आज त्यांच्याकडे एक्स-टी५, एक्स-टी५० आणि एक्स१०० सहा अशी भरलेली रांग आहे. दिसायला सगळेच देखणे, म्हणूनच निवड अवघड होते. माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी पुढच्या क्रमाने जायला सांगते.

आधी घरातलं कपाट उघडा

वडिलांची, काकांची एखादी जुनी निकॉन लेन्स आहे का ते बघा. सापडली तर मोबाइलचा टॉर्च तिच्या आतून तिरपा मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या दमट हवेत कितीतरी चांगल्या लेन्स अशाच गेल्या. काच स्वच्छ असेल तर तुमचा अर्धा निर्णय झालाच म्हणा.

निकॉनचा जुना एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची खाच, १९५९ पासूनचा. एफटीझेड दोन हा अडॅप्टर लावला की त्या काळातल्या बहुतेक लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसतात. आतच मोटर असलेली एएफ-एस लेन्स असेल तर ऑटोफोकसही चालतो. एएफ-डी लेन्सला मात्र फोकससाठी बॉडीतली मोटर लागते, ती या अडॅप्टरमध्ये नाही, म्हणून फोकस हातानेच करायचा. बाबांची ५० मिमी तर मुळातच हाताने फोकस करायची. झेड एफवर ती पूर्ण पन्नासचीच राहते, कारण त्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, फिल्मच्या चौकटीएवढा आहे. फुजीवरही साधा अडॅप्टर मिळतो, पण त्यांचा सेन्सर लहान, एपीएस-सी. त्यावर पन्नासची चौकट ७५ मिमीसारखी आवळते. पोर्ट्रेटला ते छान, पण चाळीच्या जिन्यात उभं राहून फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकते. झेड एफसीचा सेन्सरही एपीएस-सी, तिथेही हेच.

घरात काहीच नसेल तर ही पायरी सोडून द्या.

डायल खरंच काम करतात का, ते बघा

या पायरीला वेळ द्या. रेट्रो कॅमेऱ्याची खरी मजा हीच की तो बंद असतानाही वरून बघून कळतं काय लावलंय. शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) एवढं, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) एवढा, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं) एवढं. ही कल्पना दोन्ही कंपन्यांनी वेगळ्या प्रकारे राबवली आहे.

फुजीच्या एक्स-टी५ वर पी, ए, एस, एम अशी मोड निवडायची डायलच नाही. ॲपर्चर लेन्सवरच्या कडीत आहे, शटर उजव्या डायलवर, आयएसओ डाव्या डायलवर, आणि तिन्हींवर एक ‘ए’, म्हणजे ऑटोची, खूण आहे. कडी एफ/२ वर ठेवली आणि शटर ‘ए’वर सोडलं की ॲपर्चर तुमच्या हातात, शटर कॅमेऱ्याच्या. उलट केलं की उलट. नवशिक्याला मी हे दहा मिनिटांत शिकवू शकते, आणि एकदा कळलं की तो विसरत नाही. मात्र लेन्स बघून घ्या. २३ मिमी एफ/२ किंवा ३५ मिमी एफ/२ च्या कडीवर आकडे कोरलेले आहेत. जुन्या १८-५५ झूमच्या कडीवर आकडे नाहीत. स्वस्त एक्ससी मालिकेच्या लेन्सना कडीच नाही. शिवाय एक्स-टी५० वर आयएसओची डायल नाही, तिथे रंगांची डायल आहे.

निकॉन झेड एफवर शटर आणि आयएसओच्या डायल पितळी आहेत, फिरवताना त्यांचं वजन बोटांना जाणवतं. स्पर्शात मला त्याच जास्त आवडतात. पण झेड लेन्सवर ॲपर्चरची आकडे असलेली कडी नसते. ॲपर्चर पुढच्या चाकाने बदलायचं आणि वरच्या चिमुकल्या खिडकीत वाचायचं. आणखी एक गोष्ट: बाजूच्या दांडीने ‘ए’ मोड (ॲपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं) निवडला की शटरची डायल निष्क्रिय होते. ती १/१२५ वर दिसत असेल, पण कॅमेरा स्वतःच्या मनाने १/१००० घेत असेल. डायल बघून काम करणाऱ्याला हे खटकतं. त्यावर उपाय जुन्या लेन्सचाच: बाबांची लेन्स लावली की कडी परत येते.

डायलसाठीच कॅमेरा घेत असाल आणि लेन्सही नव्याने घेणार असाल, तर मी फुजीच घ्यायला सांगेन.

कुठे फिरणार, किती वेळ

बॅटरी आणि कार्डासह झेड एफ ७१० ग्रॅम भरतो, एक्स-टी५ ५५७, झेड एफसी ४४५, एक्स-टी५० ४३८. आकडे जवळचे वाटतात, पण डोंबिवलीहून लोकलने येऊन दिवसभर फोर्टात पायी फिरल्यावर ते खांद्याला कळतात. झेड एफची पुढची बाजू जवळजवळ सपाट आहे, पकड बारीक. मोठी लेन्स लावली तर मनगट भरून येतं. त्याच्यासोबत ४० मिमी एफ/२ सारखी छोटी लेन्सच शोभते.

प्रकाश कमी असेल तर पारडं फिरतं. दादरच्या फुलबाजारात पहाटे पाचला, उजाडायच्या आत, ट्यूबलाइटखाली झेंडूच्या राशी आणि धावणारे हमाल टिपायचे असतील तर झेड एफचा सेन्सर फुजीच्या सव्वादोन पटींहून मोठा आहे, आणि त्याचा फायदा आयएसओ ६४०० ला स्पष्ट दिसतो. पाडव्याच्या शोभायात्रेत गर्दीतून पुढे येणारा चेहरा धरून ठेवण्यातही माझा अनुभव झेड एफच्या बाजूने आहे. झेड एफसीबद्दल मात्र हे म्हणणार नाही. त्याच्या बॉडीत हात हलण्यावरचं स्थिरीकरणही नाही. झेड एफ, एक्स-टी५ आणि एक्स-टी५० मध्ये ते आहे.

पावसाचं म्हणाल तर झेड एफ आणि एक्स-टी५ च्या बॉडी शिंतोडे सोसतात, एक्स-टी५० ला तशी सीलबंदी नाही. फुजीच्या लेन्सच्या नावात ‘डब्ल्यूआर’ (वेदर रेझिस्टंट) असेल तरच ती त्या बॉडीला साथ देते. मरीन ड्राइव्हच्या भरतीच्या लाटेपुढे कुठलाच कॅमेरा उघडा धरू नका.

रंग

फुजीने अनेक दशकं फिल्म बनवली, निकॉनने कधीच नाही. प्रोव्हिया, वेल्व्हिया, ॲक्रॉस ही त्या फिल्मचीच नावं आता मेनूत आहेत. फोटो काढला, फोनवर घेतला, आईला पाठवला, एवढंच हवं असेल तर मेनूतल्या क्लासिक क्रोम या रंगशैलीतला जेपेग तसाच पाठवता येतो. रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवर, रात्री बसून काम करणारे असाल तर हा फरक बराच पुसट होतो. झेड एफवर मात्र कृष्णधवलसाठी वेगळी दांडीच आहे. ती ढकलली की व्ह्यूफाइंडरमधलं जग लगेच कृष्णधवल होतं. खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यांवर मी ती तासन्‌तास वापरली आहे.

दुकानात काय करायचं

सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात जा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, म्हणजे दुकानदाराला बोलायला सवड असते. स्वतःचं कार्ड न्या. दोन्ही कॅमेऱ्यांनी तोच कोपरा, तोच चेहरा, रॉ आणि जेपेग दोन्हीत काढा. मग डोळे मिटून शटरची डायल शोधा, लॉक सोडवा, फिरवा. स्क्रीनही बघा: एक्स-टी५ ची वरखाली झुकते, निकॉनची बाजूला उघडते आणि उलटी करून बंदही ठेवता येते, मग मागून कॅमेरा अगदी जुना दिसतो. घरी जाऊन फोटो मोठे करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बजेटचा निदान तिसरा हिस्सा लेन्ससाठी बाजूला काढा. घेताना जीएसटीचं बिल मागा, आणि खोक्यावरचा, बॉडीवरचा व वॉरंटी कार्डावरचा क्रमांक एकच आहे ना, ते काउंटरवरच जुळवा. बिलाशिवाय स्वस्तात देणाऱ्याकडे भारतातली वॉरंटी बहुधा नसते. माझ्या एका मैत्रिणीला ते पहिल्या दुरुस्तीच्या वेळी कळलं.

परतताना हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा, पुड्यांनी रंग बदलला की बदला. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून कपाटात ठेवू नका. बाबांची दुसरी लेन्स तशीच गेली.