पाळी आणि स्किझोफ्रेनिया: घरी नोंदी कशा ठेवायच्या

माझ्या धाकट्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. तिला ऐकू येणारे, प्रत्यक्षात कुणाचेच नसलेले आवाज दर महिन्याला चार-पाच दिवस वाढतात, हे आईच्या माझ्याआधी लक्षात आलं होतं. पण आईचं निदान होतं, "बाहेरचं आहे." आपल्याकडे पाळीही 'बाहेरची' आणि भूतबाधाही 'बाहेरची'. त्यामुळे सिडकोतल्या आमच्या घरात दोन वर्षं नुसते अंगारे चालले.

इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा या आजाराशी संबंध आहे आणि इस्ट्रोजेन त्याला थोडा लगाम घालतं, असं मानतात. पाळीच्या आधीचे काही दिवस आणि पाळी सुरू असताना ते खाली असतं. तेव्हा काही बायकांची लक्षणं उसळतात, सगळ्यांची नाही. बाळंतपणानंतर आणि पाळी जायच्या वयातही जपावं लागतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार सरासरी काही वर्षं उशिरा सुरू होतो आणि पंचेचाळिशीच्या आसपास त्याची आणखी एक लहान लाट येते, तीही बहुधा याचमुळे.

वही घ्या. रक्तस्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस. नुसता डाग धरू नका.

आता खरी गोम. पहिलं वर्षभर मी तारीख आणि लक्षणं एकाच कालनिर्णयवर लिहिली आणि ते वर्ष वाया घालवलं. तारीख जवळ आली की मी बहिणीवर डोळे लावून बसायचे. तिने भांडं आपटलं की 'चिडचिड' लिहायचे. एरवी तेच भांडं आपटलं तर माझं लक्षही नसायचं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "आधी तारीख बघता की आधी बहीण?" मी गप्प.

तेव्हापासून दोन कागद. पाळीच्या तारखेवर ती स्वतः टिंब देते, तेही तिच्या कपाटाच्या दाराआड लावलेल्या कॅलेंडरवर. मी ते उघडत नाही. वहीत मी रोज रात्री आकडे लिहिते: झोप किती तास, आवाज ० ते ३, संशय ० ते ३. 'आज बरी होती' हे वाक्य वहीत नको, त्यातून काहीही निघत नाही. तीन पाळ्या होईपर्यंत दोन्ही कागद शेजारी ठेवायचे नाहीत. 'एका महिन्यात कळतं' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

चौथा रकाना गोळीचा. हा नसेल तर बाकी सगळं फुकट. पाळी जवळ आली की माझ्या बहिणीला गोळ्यांचाच संशय यायचा आणि ती गोळी गालात धरून ठेवायची. मग आवाज हार्मोनमुळे वाढले की डोस चुकल्यामुळे? डॉक्टर तरी काय सांगणार!

वणीच्या गडावर जायचंय, घरी सत्यनारायण आहे, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील, तर तो महिना हिशेबात धरू नका. त्या गोळ्यांतलं नॉरएथिस्टेरॉन हेही हार्मोनच आहे. मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊच नका, शेजारीण काहीही म्हणो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, तेव्हा त्याही सांगूनच.

पाळी येईनाशी झाली तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणणारे भेटतील. रिस्पेरिडोन, अमिसुलप्राइड अशा याच आजाराच्या औषधांनी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढतं आणि पाळी थांबू शकते. इस्ट्रोजेन उतरतं, पुढे हाडं कमजोर होतात. आधी गर्भ आहे का ते बघा, मग डॉक्टरांना विचारून प्रोलॅक्टिनची तपासणी. औषध बदलल्यावर पाळी परत येते, तेव्हा दिवसही राहू शकतात. नवराबायकोला हे आधीच सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही.

डॉक्टरांकडे अख्खी वही नको, दोन्ही कागदांचं मिळून एक पान न्या. मेलबर्नच्या मानसोपचारतज्ज्ञ जयश्री कुलकर्णी यांनी नेहमीच्या औषधांच्या जोडीला त्वचेवर लावायच्या इस्ट्राडिओलच्या (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) पट्ट्या देऊन चाचण्या केल्या आणि त्यांना फायदा दिसला. तेवढं वाचून मेडिकलमध्ये जाऊ नका. रक्तात गाठी होण्याचा आणि कर्करोगाचा धोका तोलूनच ते ठरतं. मध्येच प्रकरण हाताबाहेर गेलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा.

आमच्या पानातून निघालं ते साधंच. टिंबाच्या अंदाजे तारखेआधी पाच दिवसांपासून रात्रीची गोळी माझ्यासमोर, वर पेलाभर पाणी आणि दहा मिनिटं गप्पा. त्या आठवड्यात मी सातपूरची रात्रपाळी घेत नाही.